मदत थांबली म्हणतात, पण कुणाची?



मे १९९८ मध्ये सरकारनं पोखरणला अणुबाँब फोडून बघितले. ११ तारखेला तीन, १३ तारखेला दोन. त्यावर अमेरिका आणि जपान रागावले आणि त्यांनी आपल्या देशाला द्यायची नवी मदत बंद केली. जागतिक बँकेनंही नवी कर्जं पुढं ढकलली. तेव्हा रेडिओवर आणि पेपरात एकच रड चालू होती. परदेशी मदत थांबली, आता विकासाचं कसं होणार, गरिबांचं कसं होणार. बाजाराच्या दिवशी चहाच्या टपरीवरसुद्धा हेच. आमच्या एका पाड्यावरच्या मिटिंगला तर एका बाईनं उभं राहून सरळ विचारलं, "मंग आता झाडं लावायचं काम मिळायचं नाय का?"

तिचा प्रश्न खरा आहे, म्हणून उत्तर आधी देतो. ज्या कर्जांवर आधीच सह्या झाल्या होत्या ती चालूच राहिली. आणि अगदी गरिबांच्या मूळ गरजांसाठी जी नवी कर्जं होती त्यांना सूट ठेवलेली होती. म्हणजे बाँबमुळं कुणाचा दुसऱ्या दिवशीचा रोज बुडणार नव्हता. पण त्या बाईच्या प्रश्नानं आम्ही रात्रभर बोलत बसलो. डोंगरातल्या बाईची रोजी वॉशिंग्टनच्या लहरीवर लटकते, हे कधी झालं? कुणी केलं? आपल्याला विचारलं होतं का?

आधी "मदत" हा शब्द नीट बघू. मदत म्हटलं की आपल्याला वाटतं, शेजाऱ्यानं आवणीला हात लावला, आपण त्याच्या आवणीला लावला. इथं तसं नाही. यातला मोठा भाग कर्ज आहे. आपल्या राज्यात जंगलाच्या कामाला जो मोठा पैसा आला तो जागतिक बँकेच्या आयडीए नावाच्या शाखेतून. १९९२ साली महाराष्ट्र वनप्रकल्पाला १२ कोटी ४० लाख डॉलर मंजूर झाले. या आयडीएच्या कर्जाला व्याज नव्हतं. शेकडा पाऊण टक्का नुसता खर्चापोटी आकार. फेड ३५ वर्षांत, त्यातली पहिली १० वर्षं मुद्दलही मागायचं नाही. सावकाराच्या हिशोबानं बघितलं तर हे स्वस्त कर्ज आहे, ते नाकारून चालणार नाही. पण कर्ज ते कर्ज. १९९२ ला घेतलेलं फिटायला २०२७ उजाडणार होतं. १९९८ साली जे पोर बालवाडीत डबा घेऊन बसत होतं, ते तोवर तिशी ओलांडलेलं असेल, त्याचीही पोरं शाळेत असतील. त्यात डॉलरचा भाव बघा. घेतलं तेव्हा एका डॉलरला २६ रुपयांच्या आसपास पडत होते, १९९८ ला ४२ पडत होते. रुपयात मोजलं तर न घेता कर्ज वाढतंय.

आणि फेडतं कोण? कागदावर दिल्लीचं सरकार. पण सरकार पैसा आणतं कुठून? आपण काडेपेटी घेतो, साबण घेतो, एसटीचं तिकीट काढतो, सगळ्यात कर आहे. गरीब माणूस कर भरत नाही असं जे शहरात बोलतात ते खोटं आहे.

आपल्या ठाणे जिल्ह्यातल्या म्हाताऱ्यांना लग्नगडी हा शब्द सांगावा लागत नाही. लग्नासाठी सावकाराचे थोडे रुपये घ्यायचे आणि नवरा-बायकोनं त्याच्या वाड्यावर राबत मरायचं. १९४५ साली वारल्यांनी गोदावरी परुळेकरांच्या सोबतीनं उठाव केला आणि लग्नगडी, वेठबिगार मोडून काढली. तो सावकार हलकटच, त्याची बाजू आम्ही घेत नाही. पण त्यानं अंगठा आमच्या आजोबाचाच घेतला होता. आपण कुणाचं देणं लागतो हे आजोबाला माहीत होतं. इथं अर्जात नाव आमचं, "आदिवासी", "वनवासी", "महिला", आणि अंगठा भलत्याचाच.

(वनवासी शब्द आम्हाला मान्य नाही, पण त्यांच्या कागदात हाच असतो.)

आता रोजगाराचं. परदेशी पैसा आला म्हणून आपल्याला काम मिळालं, असं आपल्याला सांगतात. रोजगार हमीचं काय मग? हमीचा पैसा कुठल्या परदेशातून येत नाही. मुंबई-पुण्याच्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर कापायचे, त्यात सरकार आपली भर घालायचं. १९७२ च्या दुष्काळात लोक रस्त्यावर आले, खडी फोडली, मोर्चे काढले, त्यातून हा कायदा उभा राहिला. १९७७ ला मंजूर झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. त्याच दुष्काळात अमेरिकेचा मिलोही आला होता. ती लाल ज्वारी आठवली की आमच्या आज्या अजून तोंड वाकडं करतात. पोट भरलं, हे खरं. पण मिलो खाऊन संपला. हमीचा कायदा अजून आहे.

कायद्यात आणि मदतीत फरक कुठं पडतो ते सांगतो. हमीचं काम हवं असेल तर नमुना नंबर ४ भरायचा. १५ दिवसांत काम द्यावं लागतं, नाही दिलं तर बेकार भत्ता. भत्ता सहजी देत नाहीत, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक. तहसीलदार म्हणतो अर्ज मिळाला नाही, तलाठी म्हणतो मी सुट्टीवर होतो. पण आपण कचेरीच्या पायरीवर बसू शकतो, कारण कलम आपल्या हातात आहे. प्रकल्पाच्या कामावर काय हातात आहे? गार्ड ज्याला हाक मारील तो कामावर. मागच्या मिटिंगला जास्त बोललेल्या माणसाला हाक येत नाही. मजुरी कमी पडली तर पैसे "वरून आले नाहीत". वर म्हणजे कुठं? कुणाच्या दारात जाऊन बसायचं?

पण सगळ्यात मोठी गोष्ट मजुरीची नाही. ती जमिनीची आहे, आणि ती समजायला १९९० सालचे दोन कागद शेजारी ठेवून वाचावे लागतात. आम्ही ते वाचले. इंग्रजीत आहेत. बारावीचं इंग्रजी नि डिक्शनरी घेऊन तीन रात्री लागल्या.

पहिला कागद १ जून १९९० चा. दिल्लीच्या पर्यावरण आणि वन मंत्रालयानं सगळ्या राज्यांना लिहिलं की उजाड झालेलं जंगल राखायला गावाला सोबत घ्या, समिती करा, राखलं तर गवत, फांद्या, उपज द्या, झाडं तुटली की त्यातही वाटा द्या. पण त्यात स्पष्ट घातलंय की जमिनीवर मालकी किंवा भाडेपट्टा गाववाल्याला द्यायचा नाही. यालाच पुढं संयुक्त वन व्यवस्थापन असं जड नाव पडलं.

दुसरा कागद १८ सप्टेंबर १९९० चा. त्याच मंत्रालयाचा, त्याच वर्षाचा. खरं तर एक नाही, त्या दिवशी अनेक परिपत्रकं निघाली. त्यात लिहिलंय की जंगल कायदा आला त्या २५ ऑक्टोबर १९८० च्या आधीपासून जे लोक जंगलजमीन कसतात आणि राज्याच्या नियमात बसतात, त्यांची जमीन नियमित करा. जिथं हक्काचा वाद आहे तिथं चौकशी करून तो सोडवा. वनगावांना महसुली गाव करा. आपल्या राज्यानं तर त्याच्याही आधी, डिसेंबर १९७८ मध्ये, ३१ मार्च १९७८ पर्यंतचे प्लॉट नियमित करायचा निर्णय काढला होता. १९९१ मध्ये सुप्रीम कोर्टानं महाराष्ट्रातल्या प्लॉटधारकांच्या अर्जावर दाव्यांची चौकशी करायला सांगितली.

आता बघा काय झालं. जूनच्या कागदाच्या मागं डॉलर उभे राहिले. १६ मार्च १९९२ ला राज्याचा आदेश निघाला, त्याच वर्षी जागतिक बँकेचं कर्ज आलं. जीपगाड्या आल्या, रोपवाटिका झाल्या, समित्यांचे बोर्ड रंगले, साहेबांची ट्रेनिंगं झाली. सप्टेंबरच्या कागदाच्या मागं कुणीच उभं राहिलं नाही. त्याला १९९८ मध्ये आठ वर्षं होत आली. तोवर प्लॉटवाल्यांच्या हातात सातबारा नव्हता. सरकार तेच, मंत्रालय तेच, शिक्काही तोच. मग एक कागद पळतो आणि एक बसून राहतो, तो का? आमचं म्हणणं एवढंच आहे की जो कागद पूर्ण करून दाखवल्यावर पुढचा हप्ता मिळतो तो पळतो. आपला हक्क दिल्यावर कुणालाच हप्ता मिळत नाही.

हे नुसतं बोलायचं नाही. गेल्या पावसाळ्यात आमच्या भागात काय झालं ते बऱ्याच जणांनी बघितलंय. नागलीचा राब भाजून ठेवलेला, पहिला पाऊस पडायची वाट बघत होते, आणि सकाळी बघतो तर प्लॉटमध्ये दोरी धरून ओळीनं खड्डे मारलेले. बापाच्या काळापासून कसलेली जमीन. दंडाच्या पावत्या घरात पत्र्याच्या पेटीत ठेवलेल्या. खड्डे मारणारे हात कुणाचे? शेजारच्याच पाड्यातले, रोजानं आणलेले. त्यांना सांगितलं होतं, पडीक जागा आहे. एकीकडं मजुरी देतो म्हणायचं आणि त्याच मजुरीनं भावाची जमीन खणून घ्यायची. साहेबांना विचारलं तर म्हणाले हेक्टर भरायचेत. कुठल्या योजनेतले खड्डे, पैसा कुणाचा, हे विचारलं तर आजपर्यंत उत्तर नाही. त्या दिवशी बायकांनी खड्डे बुजवले आणि पाऊस पडल्यावर त्यावरच नागली लावली. केस अजून चालू आहे.

म्हणून त्या मिटिंगमधल्या बाईला आम्ही म्हणालो, मावशे, काम मिळेल, पण खड्डा कुणाच्या प्लॉटात मारतोय ते आधी बघ.

आणि गंमत म्हणजे त्यांचाच जूनचा कागद त्यांना हे करू देत नाही. त्यात लिहिलंय की जी जागा निवडायची तिच्यावर योजनेबाहेरच्या कुणाचा हक्कदावा नसावा. नाहीतर ज्याचा उपजावर दावा आहे त्याला समितीत यायची पुरी संधी मिळावी. मग जिथं प्लॉटचे दावे पडून आहेत तिथं रोपं लावता येतात कशी? हा प्रश्न प्रत्येक गावानं लेखी विचारावा. आम्ही वकिलाला दाखवलं, तो म्हणाला मुद्दा पक्का आहे.

आता समितीकडं या. पैसेवाले देश हल्ली "सुशासन" हा शब्द फार वापरतात. म्हणजे कारभार चांगला, लोकांचा सहभाग. ऐकायला बरं वाटतं. पण आपल्याकडं सहभाग म्हणजे वनसमिती, आणि समितीचा सचिव वनखात्याचा माणूस. वही त्याच्याकडं, शिक्का त्याच्याकडं. आपण सही करायची आणि वणवा विझवायला धावायचं. इकडं २४ डिसेंबर १९९६ ला संसदेनं अनुसूचित क्षेत्राचा पंचायत कायदा केला. त्यासाठी भुरिया समितीनं अहवाल दिला होता, आदिवासी संघटनांनी दिल्लीत धरणं धरली होती. त्या कायद्यानं पाडासुद्धा आपली ग्रामसभा भरवू शकतो. योजनेला मंजुरी देणं, पैसा बरोबर खर्च झाला की नाही याचा दाखला देणं, गौण वनउपजाची मालकी, हे सगळं ग्रामसभेचं. हा कायदा करायला एकही डॉलर लागला नाही. अंमल करायलाही फारसा लागत नाही, नुसती दानत लागते. १९९८ मध्ये दोन वर्षं होत आली, तोवर आपल्या किती पाड्यांवर अशी ग्रामसभा भरली? पण वनसमितीचे बोर्ड मात्र रस्त्यावरून दिसतात. पाहुणे जीपमधून येतात तेव्हा त्यांना बोर्ड दिसायला पाहिजे ना.

शाळेचं थोडं वेगळं आहे, आणि तिथं आम्ही सरसकट शिव्या घालणार नाही. १९९४ पासून जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम म्हणून एक योजना चालली. त्यातही जागतिक बँकेचा पैसा होता. ज्या जिल्ह्यांत बायकांचं शिक्षण देशाच्या सरासरीहून कमी ते जिल्हे त्यात घेतले. आपल्या राज्यात धुळे, गडचिरोली हे आदिवासी जिल्हे त्यात होते (धुळ्यातून १ जुलै १९९८ ला नंदुरबार वेगळा झाला). तिकडच्या साथींनी सांगितलं की खोल्या झाल्या, गुरुजींना ट्रेनिंग मिळालं, गावाची शिक्षण समिती झाली. खोली झाली हे चांगलंच आहे. पावसात गळक्या कुडाखाली बसून आम्हीही शिकलोय, पक्क्या खोलीची किंमत आम्हाला सांगू नका. पण गुरुजी रोज येतो का, आणि पहिलीच्या पोराशी तो भिलीत, गोंडीत, वारलीत दोन शब्द बोलतो का, हे परदेशातून आलेला पैसा ठरवू शकत नाही. ते गावानं धरून बसल्याशिवाय होत नाही. आणि योजना संपल्यावर त्या खोलीची कौलं कोण बदलणार, हेही आधीच विचारून ठेवायला पाहिजे होतं.

दुसरं, आपला स्वतःचा पैसा कुठं जातो ते आधी विचारू. राज्यात आदिवासी शेकडा ९ आहेत. सुकथनकर समितीनं सांगितलं की राज्याच्या योजनेच्या पैशातले शेकडा ९ आदिवासी उपयोजनेला द्या, आणि १९९३-९४ पासून सरकारनं ते मान्य केलं. हा पैसा कुणाची मेहेरबानी नाही, परत करायचाही नाही. तो आपल्या तालुक्यात किती आला, कशावर गेला, हे आपल्यातल्या किती जणांनी विचारलंय? प्रकल्पाची जीप आली की आपण सगळे गोळा होतो. उपयोजनेच्या हिशोबासाठी चारजणही प्रकल्प कार्यालयात जात नाहीत.

कुणी म्हणेल, एवढ्या मोठ्या बँकेसमोर आपण काय करणार. नर्मदेच्या लोकांनी करून दाखवलंय. सरदार सरोवराला जागतिक बँकेनं १९८५ साली ४५ कोटी डॉलर मंजूर केले. तेव्हा कुणी अक्राणी-अक्कलकुव्याच्या पाड्यांना विचारलं नव्हतं. आपल्या राज्यातली ३३ गावं बुडणार होती, त्यातलं मणिबेली पहिलं. लोक हलले नाहीत. त्यांचा आवाज जपानपर्यंत गेला, १९९० ला जपाननं आपला पुढचा पैसा थांबवला. बँकेला शेवटी स्वतःच्याच कामाची चौकशी लावावी लागली. ब्रॅडफोर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर हे दोघे नदीकाठी फिरले, लोकांशी बोलले आणि जून १९९२ मध्ये अहवाल दिला की या धरणानं उठणाऱ्या सगळ्यांचं पुनर्वसन आजच्या परिस्थितीत शक्य नाही. मार्च १९९३ मध्ये आपल्या सरकारनंच उरलेलं कर्ज नको म्हणून कळवलं. धरणाचं काम त्यानं थांबलं नाही, लढाई पुढंही चालू राहिली, आणि बँकेचा जो पैसा आधी आला तो तर फेडायचाच होता. पण त्यानंतर बँकेला एक तपासणी मंडळ बसवावं लागलं. बँकेच्या प्रकल्पानं ज्यांचं नुकसान होतं असे गावातले लोक मिळून तिथं थेट तक्रार करू शकतात. आणि प्रकल्पाचे अहवाल लोकांना बघायला ठेवायचा नियमही त्याच सुमारास झाला. म्हणजे आपल्या जंगलात काय करणार आहेत ते वॉशिंग्टनमधला माणूस ऑफिसात जाऊन वाचू शकतो. आपल्याला आपल्याच बीटचा आराखडा गार्ड दाखवत नाही.

म्हणून परदेशी पैसा नकोच, असं आमच्यातले काहीजण म्हणतात. आमच्या मिटिंगमध्ये यावर भांडण झालं, ते इथं लपवत नाही. एकाचं म्हणणं, तो पैसा शिवला की हात बांधले जातात. दुसऱ्याचं म्हणणं, दवाखान्यात औषध आलं तर ते कुठल्या देशाचं म्हणून परत पाठवायचं का? आमचं जे ठरलं ते असं. जोवर प्लॉटचे दावे निकाली निघत नाहीत तोवर त्या गावच्या जमिनीवर कुठल्याही पैशातून एकही खड्डा नको. समिती करायची तर ग्रामसभेची, सचिव आपल्यातला, वही पाड्यावर राहील. आणि पैसा कर्जाचा आहे की देणगीचा, किती आहे, किती वर्षांचा आहे, हे मराठीत लिहून ग्रामसभेत वाचल्याशिवाय ठरावावर अंगठा नाही. यात कुणाला जास्त वाटत असेल तर त्यानं स्वतः घराला कर्ज काढताना काय काय विचारलं ते आठवावं.

१५ ऑगस्टला सगळीकडं ग्रामसभा आहेत. दरवर्षी झेंडा झाला की कोऱ्या वहीवर सह्या घेतात आणि बुंदी वाटून घरी पाठवतात. यंदा बुंदी खा, पण सही वाचून करा. वनसमितीचा ठराव आला तर तो आधी मोठ्यानं वाचायला लावा. त्यात "अतिक्रमण हटवण्यास गावाची संमती" अशा अर्थाचं वाक्य असेल तर ते खोडायला सांगा, नाही खोडलं तर ठराव होऊ देऊ नका. आपला ठराव आपण लिहून न्या. त्याचा नमुना मागच्या पानावर दिला आहे, गावाचं नाव नि प्लॉटधारकांची संख्या भरायची जागा मोकळी आहे. तीन प्रती काढा. एक ग्रामसेवकाला द्या आणि पोच घ्या, एक तहसीलदाराला, एक आपल्या संघटनेच्या ऑफिसात. पोच देत नसतील तर रजिस्टर पोस्टानं पाठवा, त्याची पावती पेटीत दंडाच्या पावत्यांसोबत ठेवा. सायक्लोस्टाईलची शाई शेवटी कमी पडली, त्यामुळं नमुन्यातल्या शेवटच्या दोन ओळी पुसट दिसतील, त्या पेनानं गिरवून घ्या.